दिवा मीही पाहिला होता

धनत्रयोदशीच्या रात्री नणंदेकडून घरी परतायला पावणेअकरा झाले. हातात चकल्यांचा डबा होता, पाय दुखत होते. कंपाउंडमधून जिन्याकडे वळताना पेरूच्या झाडाखाली लावलेल्या काकांच्या गाडीत दिवा लागलेला दिसला. पुढचे दिवे नव्हेत, आतला, छताला असतो तो चिमुकला. त्या उजेडात गाडीचं सगळं पोट दिसत होतं. सीटवर घडी करून ठेवलेला पंचा, डॅशबोर्डवरचा पितळी गणपती, मागच्या काचेशी काकूंची छत्री. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली, छत्री तिथेच आहे. मी थांबले. मान वर करून पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. अंधार. काका दहाला झोपतात, फोन बंद करतात, कानातलं यंत्र काढून ठेवतात. यंत्र काढल्यावर एका बेलनं भागत नाही, चार-पाचदा दाबावी लागते. आणि काकू गेल्या त्या रात्री आमच्या जिन्यात किती बेला वाजल्या होत्या ते मला आठवतं. तेव्हापासून अवेळी बेल वाजली की काका दार उघडताना कसे दिसतात, तेही मी पाहिलेलं आहे.

उद्या सकाळी सांगू, असं म्हणून मी जिना चढले.

सकाळ उजाडली ती उटणं, गरम पाणी, मुलीचा केस धुवायचा हट्ट आणि साडेसहाला फुटलेल्या पहिल्या माळेनं. नंतर पाहुणे. नंतर लक्ष्मीपूजनाची तयारी, झेंडूची फुलं कमी पडली म्हणून मंडईपर्यंत एक फेरी. काका दुपारी फराळाला येऊन गेले, माझ्यासमोर बसून त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या, बेसनाचा लाडू घरी नेण्यासाठी कागदात बांधून घेतला, आणि मला दिव्याची आठवण झाली नाही. खरंच झाली नाही. रात्री मुलीला भुईनळे लावायला खाली घेऊन गेले तेव्हा गाडीतला दिवा तसाच होता. या वेळी मी थांबलेही नाही. एवढ्या लोकांची दिवसभर ये-जा झाली, कोणीतरी सांगितलं असेलच, कदाचित बटणच बिघडलं असेल, असं काहीतरी मनात येऊन गेलं. त्या विचाराला क्षणभरही लागला नसेल. त्यालाच आता सहा महिने मी उलटसुलट करून पाहते आहे.

पाडव्याच्या पहाटे आम्ही सारसबागेत दिवे लावायला गेलो. दरवर्षी जातो. हिरवळीवर हजारो पणत्या, तेलाचा वास, थंडीत हातांची ऊब घेत वाकलेली माणसं, एका पणतीवरून दुसरी पेटवणारी. परतलो तेव्हा उजाडत होतं. कंपाउंडमध्ये शिरताना मी मुलीच्या हातातली विझलेली पणती सांभाळत होते. गाडीकडे लक्ष गेलं की नाही हे आता शपथेवर सांगता येणार नाही. गेलं असावं.

भाऊबीजेला सकाळी साडेसातला गॅलरीत उभी राहून चहा पीत होते तेव्हा खालून तो आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. ज्यानं कधी गाडी ठेवली आहे त्याला हा आवाज पोटात जाणवतो. सेल्फ फिरत नाही, इंजिन कण्हतसुद्धा नाही, नुसती आत कुठेतरी एक टिचकी. काका इस्त्रीचा झब्बा घालून स्टिअरिंगवर बसले होते. मागच्या सीटवर साडीचा खोका आणि अनारशांचा डबा. त्यांची बहीण सासवडला असते, एक्याऐंशी वर्षांची, काकांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. काका दर भाऊबीजेला साडेसातला निघतात, हडपसरवरून दिवे घाट चढतात, नऊच्या आत तिच्या दारात असतात. काकू होत्या तेव्हा मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर पाच मिनिटं गाडी थांबायची. काकूंना तो पाणी भरलेला पाहायला आवडायचा. ओवाळून झाल्याशिवाय बहीण काही खात नाही.

मी चप्पल अडकवून खाली धावले. एकेक करत सात-आठ जण जमले. आधी धक्का मारून पाहिला. काकांनी किल्ली फिरवून दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला, आम्ही ढकललं, त्यांनी क्लच सोडला, गाडी दोन आचके देऊन थांबली. आमच्या कंपाउंडला उतार नाही, वीस पावलांवर फाटक आणि बाहेर वळण. तीनदा ढकलून सगळ्यांना घाम फुटला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या धक्क्याला लवकर दाद द्यायच्या. आताच्या गाड्यांत पेट्रोल पुढे ढकलणारा पंप विजेवर आणि इंजिनाला हुकूम देणारा संगणकही विजेवर. बॅटरी पार उतरली असेल तर माणसांच्या ताकदीनं फारसं होत नाही.

मग धापा टाकत लोक बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "मला दिसला होता हो दिवा, वाटलं काका आत बसून काही शोधतायत." वॉचमन म्हणाला, "परवापास्नं चालूच होता की." बी विंगमधली एक जण म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला खाली आलो तेव्हा आमचा छोटा म्हणत होता, आजोबांच्या गाडीत पणती लावली आहे." दूधवाल्यानं पाहिला होता. गाड्या धुणाऱ्या पोरानं पाहिला होता, आणि मालकांनी मुद्दाम लावून ठेवला असेल असं समजून त्यानं तेवढी काच जपून पुसली होती. मी मनात मोजत होते. पाच झाले. माझे दोन्ही हात डिकीवर होते, पत्रा गार होता, आणि सहावी मी आहे हे मी बोलले नाही.

शेवटी बी विंगमधल्या एका मुलानं गाडी जवळ आणली आणि कोणाकडून तरी जंपर केबल मिळाली. मुलगा लाल-काळ्या चिमट्यांकडे पाहत उभा राहिला तेव्हा काकाच पुढे झाले. आधी लाल, उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. मग त्याच केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी, चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं शेवटचं टोक बॅटरीला अजिबात नाही, बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून. काका हे सगळं शांतपणे, एकेक शब्द तोडून सांगत होते, एरवी मुलांना गणित शिकवतात तसं. हात मात्र थरथरत होते. सव्वानऊला गाडी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की मला अजून कसंतरी होतं.

त्या दिवशी दुपारी दीड वाजताच काकांची गाडी परत आलेली मी गॅलरीतून पाहिली. माझा भाऊ जेवायला बसला होता, मी श्रीखंड वाढत होते. काका भाऊबीजेला संध्याकाळी पाचच्या आत कधी परतलेले नाहीत. काय झालं ते आठवड्यानं कळलं. भाचा त्याच्या बायकोच्या माहेरी गेलेला, घरात बहीण एकटी. गाडी बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर? अंधारात घाट उतरणं काकांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सोडलेलं आहे. म्हणून शेजारच्या एका मुलाला गाडीत बसवून, इंजिन चालू ठेवून, काका आत गेले. बहिणीनं ओवाळलं. ती सातपासून दारात खुर्ची टाकून बसली होती. अर्धा अनारसा खाऊन काका उठले. पान वाढलेलं होतं, ते तसंच राहिलं. गल्लीत गाडी घुरघुरत होती, तो आवाज ऐकत ऐकत ओवाळून घेतलं, असं काका म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

पाच वॅटचा तो दिवा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज घेतो. दिवसरात्र चालला तर चोवीस तासांत साधारण १० अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. धनत्रयोदशीच्या रात्री पावणेअकरापासून भाऊबीजेच्या सकाळी साडेसातपर्यंत झाले जवळजवळ ५७ तास. मी हा हिशेब एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडला, आणि तो इतका बरोबर जुळला की पेन खाली ठेवलं. पहिल्या रात्री दिवा बंद झाला असता तर गाडीला पत्ताही लागला नसता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंद झाला असता तरी बहुधा सुरू झाली असती. दिवा गुपचूप जळत होता आणि दर तासाला अजूनही वेळ होती.

आमच्याकडे फियाट होती तेव्हाची एक संध्याकाळ मला या सगळ्यात सारखी आठवत राहिली. मी आठ-नऊ वर्षांची. आम्ही बालगंधर्वला नाटकाला गेलो होतो. उशीर झालेला, बाबांनी घाईत गाडी लावली, आईनं माझा हात ओढला. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, वड्याच्या वासाची बोटं फ्रॉकला पुसली, आत येऊन बसलो. दिवे मंद होऊ लागले आणि ध्वनिक्षेपकावरून आवाज आला: अमुक अमुक क्रमांकाच्या निळ्या फियाट गाडीचे पुढचे दिवे चालू राहिले आहेत, मालकांनी कृपया लक्ष द्यावं. बाबा उठले. आमच्या रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे एकामागून एक बाजूला झाले. ते परत आले तेव्हा पडदा वर गेला होता. ते अंधारात पुटपुटले, "वाचलो." पुढचे दोन मोठे दिवे मिळून शंभर वॅटच्या घरात वीज खातात. त्या हिशेबानं चार तासांत बॅटरी कोरडी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. नाटक तीन तासांचं.

नाटक सुटल्यावर बाबांनी काय केलं? दारावरच्या माणसाला, तिकीट खिडकीवरच्या माणसाला, पार्किंगवाल्याला, सगळ्यांना विचारत फिरले, की कोणी सांगितलं? कळलं ते एवढंच की जंगली महाराज रस्त्यानं चालत जाणारा कोणीतरी माणूस आत आला, गाडीचा नंबर हातावर लिहून आणला होता, तो सांगून गेला. नाटकाला आलेला नव्हता. बाबांना त्याला चहा पाजायचा होता. घरी जाताना डेक्कनपर्यंत ते फूटपाथवरच्या माणसांकडे पाहत होते, जणू हातावर नंबर लिहिलेला माणूस ओळखू येणार होता.

त्यानंतर बाबांना ती सवय लागली ती कायमची. रस्त्यात कुठे उभ्या गाडीचा दिवा चालू दिसला की ते थांबायचे. बरोबर कोण आहे, कुठे जायचं आहे, पाऊस आहे का, काही नाही. तेव्हा बऱ्याच गाड्यांची दारं उघडीच असायची. बाबा दार उघडायचे, हात घालून बटण बंद करायचे, दार नीट लावून पुढे चालू लागायचे. आई म्हणायची, अहो, कोणी चोर समजेल. बाबांना कोणी चोर समजलं नाही. आता तसं करता येत नाही, गाड्या कुलूपबंद असतात, हात लावला तर भोंगा वाजतो. पण सांगता तर येतं. मला तर फक्त एक जिना चढायचा होता.

आणि रस्त्यावरची ती खूण आठवते का तुम्हाला? दुपारी टिळक रोडवरून स्कूटरनं निघावं आणि समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं जुळवून उघडझाप करून दाखवायचा. लाईट चालू आहे, लाईट. कोणी ओरडून सांगायचं, सिग्नलला शेजारी उभी राहिलेली बाई हँडलकडे बोट दाखवायची. पोटावर टोपली धरून मागे बसलेल्या आजीसुद्धा टोपली सोडून हात करायच्या. मी कॉलेजला असताना त्या खुणेचा मला वैताग यायचा, कळलं हो, असं मनात म्हणत मी बटण दाबायचे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे पुढचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागू लागले. ते बंद करायचं बटणच गेलं. अपघात टाळायला ते चांगलंच आहे, समोरची गाडी लांबून दिसते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुरुवातीला वर्षभर लोक सवयीनं बोटं उघडझाप करत राहिले. मग हळूहळू थांबले. सगळ्यांचेच दिवे चालू म्हटल्यावर सांगायचं कोणाला? पण दिवसातून दहा अनोळखी माणसं तुमच्या गाडीकडे बघून तुम्हाला काहीतरी सांगत होती, आणि आता सांगत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. परवा सातारा रोडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ती खूण केली. माझी गाडी नवीन, दिवा बंद होणारच नव्हता. मी हात वर करून त्यांना हो म्हटलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात काकांबरोबर बॅटरी दाखवायला मी नाना पेठेत गेले. तुला कशाला त्रास, असं ते म्हणत होते. मला जायचंच होतं. त्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो, रबर, ग्रीस आणि बॅटरीच्या दुकानापाशी नाकात चुरचुरणारा आंबूस ॲसिडचा. लाकडी फळीवर दहा-बारा बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, प्रत्येकीवर खडूनं मालकाचं नाव. दुकानदारानं टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड गरम पाण्यानं धुतली, झाकणं उघडली, काचेच्या नळीनं एकेका कप्प्यातलं ॲसिड ओढून तरंगणाऱ्या काट्याकडे पाहिलं. सहा कप्पे, प्रत्येकी दोन व्होल्टपेक्षा थोडी जास्त, मिळून भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, १२५०च्या वर हवी. काकांच्या बॅटरीचे दोन कप्पे ११००च्या आसपास होते. तो म्हणाला, उतरली याचं काही नाही, उतरलेली ठेवू नका. रिकामी राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर जे सल्फेट धरतं ते आधी मऊ असतं, चार्ज केलं की विरघळून परत जातं. दिवस गेले की ते कडक होतं, मग त्या पट्ट्या वीज घेत नाहीत. गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवून ही बॅटरी पहिल्यांदा केली, आणि आजही आपल्या बोनेटखाली मूळ तीच गोष्ट आहे, हे काका मला फळीपाशी उभं राहून सांगत होते. त्यांना अशा गोष्टी सांगायला आवडतात. मी ऐकत होते आणि मनात ते एकच घोळत होतं, मऊ असतं तोवर.

ते तिथेच बोलायला हवं होतं, पण नाही बोलले. रिक्षा, ट्रक, हातगाडीवरचे टायर, दुकानदार पावती करत होता. परतताना काका गाडी चालवत होते. पुढे आलं सारसबागेचं वळण. सिग्नल लाल झाला आणि मी म्हटलं, "काका, मी धनत्रयोदशीला रात्रीच पाहिला होता दिवा. तुम्ही झोपला असाल म्हणून वर आले नाही. आणि लक्ष्मीपूजनालाही पाहिला होता. दुपारी तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा मला आठवलंच नाही."

काका समोर पाहत राहिले. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, त्यांनी गाडी पुढे घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. पर्वतीच्या पायथ्याशी आल्यावर म्हणाले, "अगं, मलाही दिसला होता. खिडकीतून. पेरूच्या पानांवर पिवळा उजेड पडलेला. मला वाटलं, तुमच्या आकाशकंदिलाचा आहे. म्हटलं, यंदा यांनी मोठा लावला. छान वाटत होतं पडल्या पडल्या बघायला."

हे खरं होतं की माझ्यासाठी जुळवलेलं, मला अजून कळलेलं नाही. आमचा आकाशकंदील गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला असतो, पण उजेड कुठून कुठे पडेल हे सांगता येत नाही. मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. बॅटरी काही वाचली नाही, डिसेंबरात नवीन बसवली.

नवीन बसवली त्याच संध्याकाळी काका वर आले. एका बेलनंतर थांबले, मी दार उघडेपर्यंत. हातात गाडीची दुसरी किल्ली होती, काकूंची, तिला लाल लोकरीचा गोंडा. म्हणाले, "ही तुझ्याकडे ठेव. पुन्हा कधी दिसलं काही, रात्री-बेरात्री, तर मला उठवू नकोस. दार उघड, बंद कर, आणि जा झोपायला." मी हो म्हटलं. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाले, जिना उतरताना कठड्याला हात धरून सावकाश उतरले.

किल्ली दाराशी खुंटीला आहे. रात्री बाहेरून परतले की जिन्याकडे वळण्याआधी मी पेरूच्या झाडापाशी जाते, काचेवर दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहते. पंचा असतो, गणपती असतो, छत्री असते, पण अंधारात नीट दिसत नाहीत.